खिळ्यांच्या खणातले पेढे: लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गोडाच्या तलफेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका पेठेत छापखाना चालवणाऱ्या ५१ वर्षांच्या गृहस्थांचे आहे. येथे त्यांना श्री. क. म्हटले आहे. त्यांनी व त्यांच्या पत्नीने हे लिहिण्यास संमती दिली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी आहारतज्ज्ञ म्हणून सुमारे वर्षभर त्यांच्यासोबत काम केले. या काळात माझ्याकडून जी मोठी चूक झाली, ती इतर आहारतज्ज्ञांच्या आणि लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या घरच्यांच्या उपयोगी पडावी, हा हे प्रकरण सविस्तर मांडण्यामागचा हेतू आहे.

छापखाना वडिलोपार्जित आहे. लग्नाच्या व मुंजीच्या पत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तके आणि अहवाल ही तिथली मुख्य कामे. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून छापण्याचे दिवस संपून बराच काळ लोटला असला तरी ते ठेवण्याचे जुने लाकडी खण श्री. क. यांनी मोडीत काढलेले नाहीत. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बैठे काम, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधला चहा आणि पत्रिकेचा मजकूर पक्का झाला की यजमानांनी आणलेले पेढे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा दिनक्रम होता.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे वजन १२४ किलो आणि उंची १६८ सेंटिमीटर होती, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) जवळजवळ ४४. नऊ वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि छातीत आंबट वर येण्याचा जुना त्रास होता. पोटाचा मोठा भाग कापून काढण्याच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर असा आम्लपित्ताचा त्रास वाढू शकतो. हे आणि मधुमेह लक्षात घेऊन शल्यचिकित्सकांनी गॅस्ट्रिक बायपास सुचवला. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराच्या खालच्या दारावर न थांबता लवकर आतड्यात उतरते. ही गोष्ट पुढच्या सगळ्या घटनाक्रमाच्या मुळाशी आहे.

पहिले वर्ष उत्तम गेले. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या, पंधराव्या महिन्यात वजन ८५ किलोवर आले. गोडाचा प्रश्न त्या काळात नव्हताच, कारण त्यांना त्याची धास्ती बसली होती. शस्त्रक्रियेनंतर दोन-अडीच महिन्यांनी भाच्याच्या मुंजीत त्यांनी एक गुलाबजाम खाल्ला. वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, पोटात कळ आली, जुलाब झाले आणि पाहुण्यांच्या खोलीत तासभर पडून राहावे लागले. याला डम्पिंग म्हणतात. साखरेचा दाट पाक एकदम आतड्यात उतरला की आतडे पाणी ओढून घेते आणि हा त्रास होतो. पुढे वर्षभर त्यांनी गोडाकडे पाहिले नाही. घरचे म्हणत, बरे झाले, शरीरानेच शिस्त लावली.

प्रश्न

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या लग्नसराईत त्यांनी भीतभीत अर्धा पेढा खाल्ला आणि काही झाले नाही. मग एक खाल्ला, तरी काही झाले नाही. अनेक रुग्णांत डम्पिंगची ही सुरुवातीची तीव्रता काळाबरोबर कमी होते. ‘आता मला गोड पचते’ असा अर्थ त्यांनी काढला. मार्चमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा वजन ९०.५ किलो होते.

साडेपाच किलो वजन वाढल्याचे त्यांना वाईट वाटत होते, पण त्याहून अधिक त्यांना त्या तलफेची भीती वाटत होती. सकाळी साडेअकराच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी चार ते पाचच्या दरम्यान गोड खाण्याची इच्छा इतकी जोराने उसळे की समोरच्या मजकुरातली वेलांटीची चूकही दिसत नसे. “मॅडम, दारू सुटत नाही म्हणणाऱ्या लोकांना मी आजवर नावे ठेवली. आता कळतंय,” असे ते म्हणाले. त्यांच्या मनाने निदान करून टाकले होते: आपले मन दुबळे आहे.

मी त्यांचा दिवसभराचा आहार विचारून लिहून घेतला. प्रथिने दिवसाला जेमतेम ३८ ग्रॅम भरली. बायपासनंतर ती साधारण ६० ते ८० ग्रॅम असावीत. चहा सात कप होता. अमृततुल्यमध्ये साखर घालूनच चहा उकळतात, त्यामुळे ‘कमी साखर’ सांगण्याची सोय नसते. कपाला नऊ ग्रॅम धरली तरी सात कपांतून ६३ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे २५० कॅलरी, नुसत्या चहातून जात होती. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असे जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसांसाठी २०१५ मध्ये सुचवले आहे. रक्त तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ होते, लोह व बी१२ कमी होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी मात्र ५.६, म्हणजे अगदी छान होती.

त्या ५.६ या आकड्याने माझी दिशाभूल केली. साखर नियंत्रणात आहे, म्हणजे तलफ सवयीची आणि मनाची आहे, असे मी गृहीत धरले. सरासरीत उंच लाटा आणि खोल खड्डे एकमेकांना झाकून टाकतात आणि रक्तक्षय असेल तर हा आकडा तसाही फारसा भरवशाचा राहत नाही, हे मला ठाऊक होते, पण त्या दिवशी ते मला आठवले नाही.

पहिली योजना आणि ती का फसली

मी दिलेली योजना वरवर पाहता सरळ होती. पेढे, बिस्किटे आणि मिठाई पूर्ण बंद. अकराची आणि पाचची वेळ आली की पाणी प्यायचे, दोन फेऱ्या मारायच्या, दहा मिनिटे काढायची. अगदीच राहवले नाही तर दोन खजूर खायचे. चहाबद्दल त्यांनी स्वतःच तोडगा काढला. जवळच गुळाच्या चहाचे दुकान उघडले होते, तिथून चहा मागवायचा. निदान साखर तरी सुटली, असे म्हणून मी त्याला मान डोलावली.

गूळ ही साखरच आहे. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात, पण आतड्याच्या आणि इन्सुलिनच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही. हे मी रोज लोकांना सांगते आणि तरीही इथे मान डोलावली, याचे मला आजही वाईट वाटते.

सात आठवडे झाले. पहिल्या पंधरवड्यानंतर श्री. क. यांनी दोन भेटी चुकवल्या. एप्रिलच्या शेवटी त्यांच्या पत्नीचा फोन आला. वर्षप्रतिपदेला राहून गेलेली आवराआवर करताना त्यांनी खिळ्यांचा जुना खण बाहेर ओढला होता. त्या खणात अक्षरागणिक लहान लहान घरे असतात. ज्या घरांत एकेकाळी ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’चे खिळे असत, तिथे पत्रिकेच्या कातरणांत एकेक करून गुंडाळलेले अकरा पेढे होते. “ह्यांनी आयुष्यात कधी माझ्यापासून काही लपवलं नाही हो,” एवढेच त्या बोलल्या आणि फोनवर रडल्या.

त्यांनी घरी गेल्यावर “अहो, हे काय?” म्हणून विचारले, तेव्हा श्री. क. यांनी सगळे कबूल केले आणि दुसऱ्या दिवसापासून एक कण गोड न खाण्याची शपथ घेतली. ती त्यांनी पाळलीही. मे महिन्याच्या मध्यावर, सकाळी पावणेबाराच्या सुमारास, ते कटिंग मशीनपाशी उभे असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हाताला कापरे भरले आणि शेजारच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागले. त्या मुलाने आधी यंत्राचे बटण बंद केले आणि मग त्यांना धरून बसवले. त्याने हाच क्रम पाळला म्हणून त्या दिवशी बोटे शाबूत राहिली. जवळच्या दवाखान्यात बोट टोचून पाहिले तर साखर ५१ मिलिग्रॅम होती. साखरेचे पाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत ते पूर्ववत झाले.

संध्याकाळी त्यांनी मला फोन केला आणि विचारले, “मॅडम, पंधरा दिवसांत मी पेढ्याला हात लावलेला नाही. पथ्य पाळलं म्हणून हे झालं का?”

एका अर्थी त्याचे उत्तर ‘हो’ असे होते. त्या सकाळी त्यांनी पोहे आणि दोन कप गुळाचा चहा घेतला होता. साखर घसरवणारे कारण जसेच्या तसे राहिले होते आणि घसरलेली साखर वर आणणारा पेढा तेवढा मी काढून घेतला होता.

निदान

दुसऱ्याच दिवशी मी शल्यचिकित्सकांना सगळी हकीकत कळवली आणि त्यांनी श्री. क. यांना हॉर्मोनतज्ज्ञांकडे पाठवले. बायपास झालेल्या काही रुग्णांत, बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर, जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येते. साखर किंवा मैदा, पोहे, पांढरा भात असे झटकन पचणारे पदार्थ लहान पिशवीतून भराभर आतड्यात उतरतात आणि रक्तातली साखर उंच चढते. आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे हॉर्मोनही भरपूर वाढते. या दोहोंमुळे स्वादुपिंड गरजेपेक्षा बरेच जास्त इन्सुलिन सोडते. अन्न तर संपलेले असते, पण इन्सुलिन मागे उरते. मग साखर घसरते आणि मेंदू गोड मागतो. ती मागणी पेढ्याने भागवली की साखर पुन्हा चढते, पुन्हा इन्सुलिन आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तीच तलफ. साडेअकरा आणि चार-पाच या वेळा न्याहारी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन ते तीन तासांनी येत होत्या. त्या वेळा मी पहिल्याच भेटीत लिहून घेतल्या होत्या, पण न्याहारीच्या वेळेशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

हॉर्मोनतज्ज्ञांनी आधी सगळी औषधे टेबलावर मांडून पाहिली, कारण मधुमेहाची जुनी गोळी चुकून चालू राहिली असेल तरी साखर अशीच घसरते. तसे काही नव्हते. एका प्रयोगशाळेने ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करण्याची चाचणी सुचवली होती; ती त्यांनी नाकारली, कारण बायपासच्या रुग्णाला एवढे ग्लुकोज एकदम पाजले तर डम्पिंगचा जोराचा त्रास होऊ शकतो आणि रोजच्या जेवणाबद्दल त्यातून नीट कळतही नाही. त्याऐवजी दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर १४ दिवस लावायचे ठरले. सोबत खाल्लेल्याची वेळेसह नोंद ठेवायची होती. श्री. क. यांनी त्या नोंदी छपाईच्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्यांवर, मुद्रिते तपासण्याच्या लाल शाईने, सुबक अक्षरात ठेवल्या.

तिसऱ्या दिवसाची पट्टी माझ्याकडे आहे. साडेनऊ, पोहे आणि चहा. सव्वादहा, २१४. अकरा चाळीस, ५८. आणि त्याच ओळीत, सेन्सर पाहण्यापूर्वी लिहिलेले, ‘पेढा हवासा वाटतो’. चौदा दिवसांत साखर ७० च्या खाली गेल्याचे नऊ प्रसंग दिसले आणि त्यातले आठ तलफेच्या नोंदीबरोबर जुळले.

नववा प्रसंग पहाटे तीनचा होता आणि त्याने आम्हाला घाबरवले. रात्री किंवा उपाशीपोटी साखर कमी होऊ लागली तर कारण वेगळे असू शकते आणि तपासाची दिशाच बदलते. श्री. क. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपले होते. सेन्सरवर दाब पडला की तो खोटा कमी आकडा दाखवतो. पुढच्या तीन रात्री गजर लावून त्यांच्या पत्नीने बोट टोचून पाहिले. एकदाही आकडा ८५ च्या खाली आला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

गोड पूर्ण बंद करण्याचा पर्याय आम्ही वापरून पाहिला होता आणि त्याची किंमत मोजली होती. साखरेऐवजी गोडी देणाऱ्या गोळ्यांचा पर्याय श्री. क. यांनी सुचवला. चहापुरता तो चालला असता, पण जिभेला तेवढ्याच गोडाची सवय राहिली असती आणि ‘शुगर फ्री’ मिठाईत पुष्कळदा मैदा आणि खवा तसाच असतो. शिवाय तिच्यातल्या काही गोडी देणाऱ्या पदार्थांनी पोटात वायू धरतो आणि जुलाब होतात. तो आम्ही बाजूला ठेवला.

ॲकार्बोज या औषधाचा विचार हॉर्मोनतज्ज्ञांनी केला. ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतल्यास पिष्टमय पदार्थ आणि साखर यांचे पचन मंदावते, त्यामुळे लाट उंच चढत नाही. पोट फुगणे हा त्याचा नेहमीचा त्रास आहे. ते घेत असताना साखर कमी झाली तर साधी साखर उशिरा लागू पडते, ग्लुकोजच द्यावे लागते. आहार बदलून आठ आठवड्यांत फरक पडला नाही तरच औषध, असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटला, पण तो सोपा नव्हता, कारण मेमधल्या प्रसंगासारखा प्रसंग पुन्हा यंत्रापाशी किंवा स्कूटरवर घडला असता तर थांबणे महागात पडले असते. म्हणून त्या आठ आठवड्यांत कटिंग मशीन त्यांनी चालवायचे नाही आणि स्कूटरला किल्ली लावण्यापूर्वी साखर तपासायची, ही अट घातली.

केलेली कृती

न्याहारीपासून सुरुवात केली. पोहे आणि चहा-बिस्किटे यांच्याऐवजी मुगाच्या डाळीचे धिरडे आणि त्यात पनीर, किंवा दोन अंडी. अकरा वाजता, तलफ उठण्याच्या अर्धा तास आधी, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. दुपारच्या जेवणात क्रम बदलला. आधी उसळ आणि दही, मग भाजी, मग अर्धी ज्वारीची भाकरी, आणि भात शेवटी दोन घास, तोही रोज नाही. प्रथिने आणि चोथा आधी पोटात गेला की मागून आलेले पिष्ट हळू उतरते. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. चार वाजता चक्का, मीठ आणि जिरेपूड घालून. श्रीखंडाच्या वाटीतच तो खावा, असा त्यांचा हट्ट होता आणि मी त्याला हरकत घेतली नाही. रात्री पनीर किंवा सोयाचे वडे. प्रथिने ३८ वरून हळूहळू ६८ ग्रॅमपर्यंत आली.

चहा बंद केला नाही. छापखान्यातला चहा हा व्यवहाराचा भाग आहे आणि तो तोडून कोणतेही पथ्य टिकले नसते. कोपऱ्यावरून मागवणे थांबवून छापखान्यातच बिनसाखरेचा चहा करायचा, थर्मासमध्ये भरायचा आणि साखरेची बरणी गिऱ्हाइकासमोर वेगळी ठेवायची, असे केले. त्यांच्या कपात पहिल्या आठवड्यात एक चमचा साखर होती आणि दर आठवड्याला पाव चमचा कमी केली. पाचव्या आठवड्यात ती संपली. सात कपांचे चार झाले. चहाने लोह नीट शोषले जात नाही, म्हणून लोहाची गोळी चहापासून दोन तास दूर नेली आणि कॅल्शियमची तिच्यापासूनही वेगळी केली.

तलफ आली की काय करायचे, हा नियम सर्वांत महत्त्वाचा ठरला. आधी बोट टोचायचे. ७० च्या खाली असेल तर साखर हे औषध आहे: तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि आकडा वर आला की लगेच मूठभर शेंगदाणे, म्हणजे तो पुन्हा कोसळत नाही. ७० च्या वर असेल तर फुटाणे खायचे आणि वीस मिनिटे थांबायचे. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोजचा पुडा त्यांनी त्याच जुन्या खणात ठेवला आणि छापखान्यातल्या तिन्ही कामगारांना तो दाखवला.

खरा गुंता पेढ्यांचा होता. ‘काका, तोंड गोड करा’ म्हणून पुढे आलेला पेढा नाकारणे म्हणजे शुभकार्याला नाट लावणे, असे त्यांना मनापासून वाटते आणि ते चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. बऱ्याच बोलण्यानंतर त्यांच्या पत्नीने मार्ग काढला. पेढा दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि टेबलावरच्या गणपतीपुढच्या वाटीत ठेवायचा; संध्याकाळी तो कामगारांच्या घरी जायचा. पहिल्या आठवड्यात कुणीच काही विचारले नाही, याचे त्यांना फार नवल वाटले.

याच बोलण्यात दुसरी गोष्ट बाहेर आली. शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी बाहेर कुणालाच सांगितले नव्हते. पर्वती चढून आणि पथ्य पाळून वजन उतरवले, असे सगळ्या पेठेला ठाऊक होते. लोक कौतुक करत, आणि त्या कौतुकाच्या ओझ्याखाली ‘मला हे खाता येत नाही’ असे एक साधे वाक्य त्यांना बोलता येत नव्हते. आम्ही समुपदेशकांची मदत घेतली. चार भेटी झाल्या. सगळ्यांना सांगायचे नाही, पण दोन जुन्या मित्रांना आणि कामगारांना सांगायचे, एवढे त्यांनी स्वतः ठरवले.

निष्पत्ती

आठ आठवड्यांनी पुन्हा सेन्सर लावला तेव्हा चौदा दिवसांत साखर ७० खाली गेल्याचे दोनच प्रसंग दिसले आणि दोन्ही सौम्य होते. औषध सुरू केले नाही. अकराची तलफ जवळजवळ गेली. दुपारची राहिली, पण मोजल्यावर साखर बहुधा ९० च्या आसपास निघे आणि आकडा पाहिल्यावर इच्छा थोडी निवळे, असे ते सांगत. दुपारच्या तलफेचा संबंध थकव्याशी आणि मजकूर बदलत बसणाऱ्या गिऱ्हाइकांशी असल्याचे नोंदींवरून दिसले. ती खरोखर सवयीची आणि मनाची होती, आणि ती ओळखता आली ती मोजमापामुळेच.

गणपतीत त्यांनी एक उकडीचा मोदक खाल्ला, जेवणाच्या शेवटी, साजूक तुपासह. दोन तासांनी साखर ७४ होती. घरातल्या सगळ्यांनी तो आकडा पाहिला. त्यांच्या आईने समाधानाने मान हलवली.

डिसेंबरच्या लग्नसराईत दहा दिवस सगळे बिघडले. दोन कामगार रजेवर, रात्रीची जागरणे, न्याहारी चुकलेली आणि वाटीतले पेढे पुन्हा तोंडात. तीनदा साखर ६० खाली गेली. यावेळी त्यांनी स्वतःच अकराव्या दिवशी फोन केला, काही लपवले नाही. मार्चमध्ये वजन ८६.५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.४ होते.

वेगळे काय करता आले असते

बायपास झालेला रुग्ण गोडाची तलफ सांगत असेल तर ती दिवसाच्या कोणत्या वेळी आणि शेवटच्या खाण्यानंतर किती वेळाने येते, हा माझा पहिला प्रश्न असायला हवा होता. घाम येतो का, हात कापतात का, गोड खाल्ल्यावर किती मिनिटांत बरे वाटते, हे त्यापाठोपाठचे. एक साधा ग्लुकोमीटर पहिल्याच भेटीत हातात दिला असता तर सात आठवडे आणि तो मशीनपाशी घडलेला प्रसंग टळला असता. रिकाम्या पोटी दोन खजूर खाण्याचा सल्ला दिला, ती तर सरळ चूक होती.

भेटी चुकू लागल्या तेव्हा मी वाट पाहिली. फोन करायला हवा होता. लपवून खाणारा माणूस सर्वांत आधी आहारतज्ज्ञाला टाळतो, आणि तो त्याच्या लाजेचा भाग असतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात सुरुवातीच्या डम्पिंगची माहिती श्री. क. यांना सविस्तर मिळाली होती. वर्षानंतर साखर घसरू शकते, हे मात्र त्यांना आठवत नव्हते. कुणी सांगितले नसेल किंवा त्या गर्दीत ते ऐकू आले नसेल. माझ्याकडे येणाऱ्या बायपासच्या रुग्णांना आता मी बाराव्या महिन्याच्या भेटीत हे पुन्हा, घरच्या माणसासमोर सांगते.

एका निर्णयाबद्दल माझे मन अजून साशंक आहे. डिसेंबरमधल्या दहा दिवसांनंतर हॉर्मोनतज्ज्ञांनी पुढच्या लग्नसराईपुरते ॲकार्बोज सुरू करण्याचे सुचवले आहे. श्री. क. यांना मधुमेहाच्या गोळ्या सुटल्याचा अभिमान आहे आणि नवी गोळी त्यांना नको आहे. मला त्यांचे म्हणणे समजते, पण कटिंग मशीन त्यांनी जानेवारीपासून पुन्हा हाती घेतले आहे. जूनच्या भेटीपूर्वी आणखी चौदा दिवस सेन्सर लावायचा आणि त्या पट्ट्या समोर ठेवून हा निर्णय करायचा, असे तिघांत ठरले आहे. तोवर यंत्रापाशी उभे राहण्याआधी बोट टोचण्याची अट कायम आहे आणि ती पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे काम त्या दिवशी बटण बंद करणाऱ्या मुलाकडे आहे.